पाणी बरं आहे

पक्कड एकच चप्पल घालून गोठ्यात आला तेव्हा त्याच्या बायकोला आधी हसूच आलं. एक चप्पल पायात, दुसरी मागे दाराच्या पायरीवर, आणि स्वारीला त्याचा पत्ताच नव्हता.

"अहो, दुसरी कुणाला देऊन आलात?"

त्याने खाली पाहिलं. मग उरलेलीही काढून कोपऱ्यात सरकवली. "चल, उशीर नको," एवढंच म्हणाला.

गाय पहिलारू, पहिल्यांदाच विणारी. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. वासराचे पुढचे दोन खूर दिसायचे आणि कळ ओसरली की पुन्हा आत जायचे. डॉक्टर लांब कुठेतरी अडकले होते. त्यांची वाट बघत बसलं तर गाय आणि वासरू दोन्ही जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

तशी डॉक्टरची गरज त्याला कधी पडली नव्हती. आसपासच्या गोठ्यांतली अडलेली वासरं त्याच्याच हातांनी बाहेर आलेली. पक्कड हे नाव पडलं ते त्यावरून. शेजाऱ्याने वासरं ओढायचा जॅक आणला तेव्हा सगळ्यात जास्त टर यानेच उडवली होती. लांब लोखंडी दांडा, टोकाला गाईच्या मागच्या अंगाला टेकवायची कमान, आणि दाबली की एकेका खटक्याने साखळी ओढणारी मूठ. "ज्याला आतलं काही कळत नाही त्याने घ्यावं हे लोढणं," असं म्हणाला होता. आज तोच जॅक तो स्वतः मागून घेऊन आला होता. बायकोला नवल वाटलं होतं, पण विचारायला सवड नव्हती.

तिने बादली आणून ठेवली. पाणी नुकतंच गॅसवरून उतरवलं होतं, गार मिसळायचं बाकी होतं. ती तांब्या घ्यायला वळली, तोवर त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत घातले आणि साबण चोळायला लागला. बादलीतून वाफा निघत होत्या.

"पाणी बरं आहे," तो म्हणाला.

हात लालबुंद झाले होते, पण चटका बसल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. तो ते सावकाश चोळत राहिला. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. ती चप्पल. लागोपाठ फुटलेले कप. शर्टाची बटणं हल्ली तीच लावून द्यायची, आणि तो सांगायचा, चष्मा बदलायला झालाय. तिला सगळं एकदम उमगलं. उमगल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. तिने बादलीत गार पाणी ओतलं.

त्याने धुतलेल्या साखळ्या घेतल्या, हात आत घातला आणि नेहमीसारखं छताकडे बघत दोन्ही पाय बांधले. मग जॅकची कमान टेकवली आणि साखळ्या अडकवल्या.

"थांबा," ती म्हणाली. "सांध्यावर तर नाही ना बसली साखळी?"

"वर आहे. आज पहिल्यांदा बांधतोय का मी?"

तिने हात धुतले, साबणाचा फेस कोपरापर्यंत लावला आणि हात आत घातला. डावा पाय व्यवस्थित होता, एक फास सांध्याच्या वर, एक खाली. उजव्या पायाचा फास मात्र बरोबर सांध्यावर बसला होता आणि खालचा फास नव्हताच. जॅकचे दोन-चार खटके पडले असते की पाय मोडला असता. तिने चाचपत तो सोडवला, वर सरकवला, खाली दुसरा घातला. गाय कण्हत होती.

"बरोबर होती," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "मग तुझा हात इतका वेळ आत काय करत होता?"

तिला वाटलं, आता हा चिडणार. चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो जॅकच्या मुठीकडे बघत बोलायला लागला, दुसऱ्याच कुणाच्या गाईबद्दल बोलावं तसा.

"डोकं सरळ आहे?"

"आहे. नाक लागतंय हाताला. जीभ हलवतंय."

"एक साखळी आखूड घे, म्हणजे खांदे एकामागून एक येतील. हात तिथेच ठेव. कळ आली की सांग, मी दाबतो. थांबली की थांब म्हण. अडल्यासारखं वाटलं तरी सांग. मला नाही कळणार."

"बरं."

गाईची पाठ ताठ झाली. "आली," ती म्हणाली. एक खटका वाजला. "थांबा." तो थांबला. पुन्हा "आली", पुन्हा "थांबा". लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं इतकं निमूटपणे त्याने कधी ऐकलं नव्हतं. डोकं बाहेर आलं, मग खांदे आले, तेव्हा त्याने दांडा हळूहळू खाली, गाईच्या पायांकडे झुकवला, आणि वासरू सरकन गवतावर आलं.

ते हलत नव्हतं. तिने नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, नाकपुडीत काडी घातली, पोत्याने अंग चोळलं. खांदे भरून येईपर्यंत चोळलं. मग ती बाजूला झाली.

तो गुडघे टेकून बसला आणि भाजलेला हात त्याने वासराच्या छातीवर ठेवला. प्रत्येक वेळी तो असाच ठेवायचा आणि भोवतीची माणसं त्याच्या बोलण्याची वाट बघायची. आज तो वासराकडे बघत नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आहे का गं?" त्याने विचारलं.

वासराची छाती वर-खाली होत होती, आणि छातीवर ठेवलेला त्याचा हातही.