सिद्धान्तात बसणारे काका

“पोचलीस की फोन कर.” घराबाहेर पाऊल टाकलं की काकांचं हे वाक्य तिच्या कानात अजून वाजायचं. काका म्हणजे तिचे सावत्र वडील. ती अभ्यासाला बसली की रेडिओ बंद करून शेजारच्या खोलीत नुसते बसून राहणारे. ती फोन करायला विसरली, तर त्यांचाच यायचा. आई गेली आणि थोड्याच दिवसांत तोही थांबला.

तिला वाईट वाटलं. नवल नाही वाटलं. मानसशास्त्राची प्राध्यापक होती ती. माणसाचं वागणं उत्क्रांतीतून कसं घडत आलं, हे दरवर्षी शिकवायची. परका पुरुष दुसऱ्याचं मूल जपतो ते त्या मुलाच्या आईचं मन जिंकायला; आई नसली की जपणंही ओसरतं. यंदा तर, काकांचे फोन अजून येत होते तेव्हाच, तिने वर्गात आपल्या घरचंच उदाहरण दिलं होतं. पोरं हसली होती. काकांना बिचाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा, असं म्हणून तिनेही जाणं-येणं कमी केलं.

आज सकाळी ती स्टाफरूममध्ये असताना आत्याचा, म्हणजे काकांच्या बहिणीचा, फोन आला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुपारी त्यांना घरी न्यायला कोणी नव्हतं. आत्याचे गुडघे तर, तिच्याच शब्दांत, भाड्याने आणल्यासारखे. तुला कळवू नको म्हणाला, पण मी कुणाचं ऐकलंय का आजवर, असंही तिने सुनावलं.

“त्यांनीच फोन बंद केले, आत्या. आई होती तोवरच सगळं होतं.”

आत्या म्हणाली, “तुझी छत्री त्याच्याकडे राहिली होती बघ. ती द्यायला तुझ्या कॉलेजात आला होता तो. वर्गाच्या दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. घरी येऊन म्हणाला, ‘एवढी शिकलेली पोर, ती काय खोटं सांगेल? माझ्याच लक्षात आलं नाही. उगाच फोन करकरून तिला अवघडवत होतो.’”

शास्त्र सरासरीबद्दल बोलतं, एका माणसाबद्दल नाही, असं तिला म्हणायचं होतं.

“मी नेते त्यांना घरी,” एवढंच ती म्हणाली.

शेजारच्या सरांना तिने आपला तास घ्यायची विनंती केली. पर्स उचलली. दुपार व्हायला अजून अवकाश होता; तोवर दवाखान्यात नुसतं बसून राहता आलं असतं. आवाज न करता दार लोटून ती निघाली.