दोन हात

निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमातल्या चादरी धुण्याचं काम ताईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यात तिथलं वॉशिंग मशीन बंद पडलं आणि पाठोपाठ ताईंचा उजवा हात प्लास्टरात गेला. तरी रोज सकाळी निघताना त्या मोठ्यानं म्हणायच्या, “देवा, दोन हात पाठव रे बाबा!”

कारखाना बंद पडल्यापासून खुर्चीला चिकटून बसलेले त्यांचे यजमान हे ऐकून वैतागायचे. “तुझा देव काय चादरी पिळायला येणार आहे?”

“येईल की! त्याला कसली आलीय लाज?”

शेवटी एकदा बायकोचं तोंड बंद करायचंच म्हणून तेही तिच्यासोबत गेले. बराच वेळ हाताची घडी घालून उभे राहिले. पण ताई एकट्या डाव्या हातानं ओली चादर पिळायला धडपडू लागल्या, तेव्हा त्यांना राहवेना. “सोड ती, हाही हात मोडून घेशील!”

दुपारी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टबात चादरी तुडवत होते आणि ओट्यावरच्या आज्या “अहो, कोपरा राहिला, कोपरा!” म्हणून त्यांना फर्मावत होत्या. कित्येक महिन्यांनी ते खळखळून हसले.

घरी परतताना ते ऐटीत म्हणाले, “बघितलंस? दिवसभर थांबलो. आलं का कुणी तुझ्या देवाकडून?”

ताईंनी त्यांच्या ओल्या पँटकडे पाहिलं आणि हसू कसंबसं दाबलं. “नाही हो. उद्या परत मागते. तुम्हीही या, कोण येतं ते बघायला.”