फसलेली डिस्क

मशीनने डिस्क पुन्हा बाहेर ढकलली. याही वेळी अर्ध्यावरच. ये रे माझ्या मागल्या.

दोन थरांची डिस्क होती ती. पहिला थर आतून काठापर्यंत भरतो, मग मशीनला तिथूनच मागे वळून दुसऱ्या थरावर यायचं असतं. पहिला थर बिनबोभाट जायचा. वळायची वेळ आली की घोडं पेंड खायचं. "डिस्कच भिकार आहे," शूटिंगवाला रिकाम्या खोलीला म्हणाला. कालचं खापर त्याने केबलवर फोडलं होतं, परवाचं विजेच्या दाबावर, त्याआधीचं वरच्या मजल्यावरच्या मिक्सरवर. लोकांच्या लग्नांची शूटिंगं करण्यात त्याची उभी हयात गेली होती आणि तो स्वतःला डिस्कांचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा. डॉक्टरांचे पेशंट मात्र एकामागून एक दगावत होते. टेबलावर मेलेल्या डिस्कांची चवड वाढत होती, आणि पेशंटचीच तब्येत मुळात नाजूक होती असं सांगून डॉक्टर दर वेळी मोकळे होत होते.

डिस्क हवी होती बायकोला. महिन्यापूर्वी ती आईकडे राहायला निघून गेली होती. भांडण कशावरून सुरू झालं ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण कशावर संपलं ते पक्कं लक्षात होतं. "तुझं कधी काही चुकतच नाही," ती बॅग भरताना म्हणाली होती. "एकदा 'चुकलं' म्हणून बघ, जीभ झडायची नाही." तेवढ्यात बॅगेची चेन अडकली, आणि ती तू उलटी ओढतेस, हे त्याने तिला नीट समजावून सांगितलं.

मग तिचा फोन आला. लेकीच्या लहानपणीच्या सगळ्या टेपा आईला बघायच्या आहेत, त्या एका डिस्कवर करून दे. आईला कॉम्प्युटर जमत नाही, तिचा जुना प्लेअर आहे. गुडघ्यांमुळे तिला डिस्क बदलायला उठवत नाही, तेव्हा सगळं एकाच डिस्कवर हवं.

तेव्हापासून ऑफिस सुटलं की ती डोकावायची. झाली का, विचारायची. नाही म्हटलं की जरा टेकायची, चहा टाकायची, त्यालाही द्यायची. पडद्यावर दोन वेण्यांतली लेक धावत यायची आणि दोघंही चहा निवेपर्यंत बघत राहायची. लेक आता परगावी नोकरीला होती. मग बायको पर्स उचलून निघायची. तिच्यामागे घर खायला उठायचं, पण ते तिला सांगण्यापेक्षा डिस्क करणं सोपं, असं त्याला वाटायचं. तिला घाई आहे, हे तर त्याने धरूनच ठेवलं होतं. एकदा चकाचक डिस्क तिच्या हातात ठेवली की आपण किती कामाचे आहोत हे तिला पटेल आणि ती परत येईल, असा या विद्वानाचा हिशेब होता.

शेवटची डिस्क उरली तेव्हा त्याने नाइलाजाने प्रोग्रॅमच्या सेटिंग उघडल्या. लिहिण्याचा वेग सगळ्यात जास्त ठेवलेला होता. हा कुठल्या गाढवाने ठेवला, असं म्हणता म्हणता त्याला आठवलं की या खुर्चीत त्याच्याशिवाय कुणी बसतच नाही. सावकाश लिहिणं नवशिक्यांसाठी असतं, असं म्हणून पहिल्या दिवशी त्यानेच तो वाढवला होता. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याने वेग अगदी कमी केला. मशीन वळणावर आलं, जरा घुटमळलं आणि निमूट दुसऱ्या थरावर वळलं. शेवटची तपासणीही पास झाली.

वेगाचं कुणाला सांगायचं नाही, नवी केबल घातली म्हणून झाली असं म्हणायचं, हे ठरवून त्याने आनंदाच्या भरात सासूबाईंनाच फोन लावला. एकदा डिस्क घातली की उठायला नको, गुडघ्यांना त्रास नाही, वगैरे तो बरंच बोलला.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, प्लेअर तर केव्हाच भंगारात गेला. हिनेच नेऊन दिला. पण ही तुमच्याकडे येते होय? मला तर म्हणते, ऑफिसात काम वाढलंय."

त्याने फोन ठेवला. डॉक्टरांनी केबलची नाडी बघितली होती, विजेची बघितली होती, शेजाऱ्यांच्या मिक्सरचीसुद्धा बघितली होती. समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाची तेवढी राहून गेली होती. त्याला स्वतःचं हसू आलं. ही डिस्क तिच्या हातात दिली की तिला उद्यापासून यायला कारणच उरणार नव्हतं.

बेल वाजली. चांगली डिस्क त्याने मेलेल्यांच्या चवडीत सरकवली आणि दार उघडलं.

"झाली का?"

"फसली," तो म्हणाला. ती केबलवरचं व्याख्यान ऐकायच्या तयारीने भिंतीला टेकली. "केबल ठीक आहे. वीजही ठीक आहे. वेग मीच वाढवून ठेवला होता. माझं चुकलं."

"काय म्हणालास?"

"माझं चुकलं. डिस्कचंही."

तिने पर्स खुर्चीत ठेवली, चपला काढल्या, आणि उद्या येताना नव्या डिस्क घेऊन येते, असं सांगत चहा टाकायला आत गेली. तो दारातच उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच आपली चूक कबूल केली होती, आणि तीही डिस्क धडधडीत चांगली निघाली त्या दिवशी.