जावईबापूंची खुर्ची

देवळीच्या तहसीलमध्ये मतमोजणी आटोपली आणि प्रभाकरराव पडले. असे पडले, की आवाज पार पवनारपर्यंत गेला म्हणतात. धाम नदीतल्या बगळ्यांनी मान वर करून पाहिलं.

घरी येताच त्यांनी जोडेही काढले नाहीत. ओसरीवरची खुर्ची मधोमध ओढली, बसले आणि बायकोला म्हणाले, "त्या लहानूला बोलवा. चौकशी आत्ताच होईल."

"आधी चहा तर घ्या," लीलाबाई म्हणाल्या.

"आधी गुन्हा. चहा मागून."

उभी हयात फौजदारी न्यायाधीश म्हणून गेलेली. त्यातली बरीच वर्षं याच जिल्ह्यात. त्यांच्या कोर्टात खटला कधी तुंबला नाही. त्यांनी पाऊल आत टाकलं, की सगळं कोर्ट उभं राहायचं. भिंतीवरची पालसुद्धा सरळ व्हायची. निवृत्तीनंतर मात्र बसस्टँडच्या बाकावर सरकून जागा द्यायलाही कुणी उठेना. हे त्यांना फार लागलं. लोकांनी पुन्हा उभं राहावं, म्हणून ते स्वतःच सरपंचपदाला उभे राहिले. निशाणीही मनासारखी मिळाली. खुर्ची.

गाव लीलाबाईंचं माहेर. नोकरीत असेपर्यंत त्यांना इथं यायची बंदी होती. "न्यायाधीशाच्या बायकोनं कुणाच्या घरी जायचं नसतं. उद्या त्याच घरचा आरोपी माझ्यासमोर उभा राहील," असं साहेबांचं म्हणणं. कितीतरी संक्रांती लीलाबाईंनी सरकारी बंगल्याच्या खिडकीतून पाहिल्या. निवृत्तीनंतर इथं घर बांधलं, आणि त्या दावं सुटलेल्या वासरासारख्या गावभर हिंडू लागल्या.

साहेबांनी अर्ज भरला, त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पुन्हा लोकांच्या घरी जाणं बंद?"

"सरपंचाच्या बायकोनं अंतर ठेवायलाच हवं."

"बरं. मग तोवर हळदीकुंकू तरी उरकून घेते. घरोघरी जाऊन वाण लुटते."

"लुटा की. तेवढाच प्रचार!" साहेब खूश झाले.

गाव तर हातातच होतं. जावयाला तोंडावर नाही म्हणायची या गावात रीत नाही. "जावईबापू, बटन तुमचंच," असं घरोघरी ऐकू यायचं. चहाही यायचा, मोरपंखी काठाच्या नव्याकोऱ्या कपात. आपल्यासाठी प्रत्येक घरानं नवी भांडी काढलीत, या विचारानं साहेबांचा ऊर भरून यायचा. जन्मभर शपथेवरच्या साक्षीत खोट काढणारा माणूस. सासुरवाडीच्या चहावर मात्र त्याचा पक्का विश्वास बसला.

आणि निवडून आली कोण? गिरणीवाली कमलाबाई. ना सभा, ना भोंगा. प्रचारभर ती बाई ज्वारी दळत बसली होती.

म्हणजे घरभेदी होता. आणि तो लहानूच असणार.

लहानू म्हणजे त्यांच्या कोर्टाचं जुनं गिऱ्हाईक. मोटरपंप असो, तारेचं भेंडोळं असो, सायकल असो, जे चोरीला जाईल ते लहानूनं चोरलेलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणायचा, "गुन्हा कबूल हाय, साहेब." एकदा तर एकाच रात्री त्यानं जिल्ह्याच्या एका टोकाला आर्वीत बैल आणि दुसऱ्या टोकाला हिंगणघाटात इंजिन चोरल्याचं कबूल केलं. तेव्हा शिक्षा ठोठावताना साहेबांना त्याच्या पायांचं कौतुकच वाटलं होतं. दर वेळी तो सुटून यायचा, तेव्हा त्याच्या अंगणात कोंबड्या मात्र वाढलेल्या असायच्या. असा हा माणूस. सुधारला असं समजून साहेबांनी त्याला प्रचारात पुढं ठेवला होता.

लहानू आला आणि सवयीनं हात बांधून उभा राहिला.

"लहानू, तू माझ्याशी दगाफटका..."

"कबूल हाय, साहेब."

"अरे, प्रश्न तर पुरा होऊ दे!"

"होऊ द्या ना. कबूलच हाय."

"कमलाबाईच्या कपबशीचं बटण दाबा, असं घरोघरी जाऊन तूच सांगितलंस?"

लहानूनं माजघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. "मीच सांगतलं."

"काऊन रे?" साहेबांचा आवाज चिरकला. कोर्टातली मराठी कुठल्या कुठं गेली.

"इतक्यांदा मले आत धाडलं तुमी. राग नाई येनार का मानसाले?"

"मी तुझ्यावर विश्वास टाकला होता."

"तेच तर चुकून राह्यलं ना तुमचं," लहानू खाली बघत म्हणाला.

ज्याला जन्मभर दोषी धरलं, त्याच्यावर एकदाच भरवसा ठेवला, तर त्यानंच घर फोडलं. मग त्यांनी पाठ ताठ केली. "या घराची पायरी तुला कायमची बंद. जा."

"हलकीच शिक्षा हाय, साहेब. चहा पिऊन जाऊ?"

"चालता हो!"

लहानू गेला. साहेब उठले. त्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नाही, पण मन थोडं निवलं होतं. पडलो तर पडलो. गुन्हेगार सापडला, खटला निकाली निघाला. तोंड धुवायला ते न्हाणीघरात गेले. तिथल्या झरोक्यातून परसदार दिसत होतं.

पेरूच्या झाडाखाली लीलाबाई उभ्या होत्या. समोर लहानू. लीलाबाईंच्या हातात मोरपंखी काठाची नवीकोरी कपबशी होती.

"घे रे लहानू," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाला वाण लुटलं, त्यातली एवढी एकच जोडी उरली. तुझे उपकार कसे फेडू?"

"राहू दे, ताई," लहानू म्हणाला. "दुसऱ्याचा गुन्हा कबूल कराले मी एक कोंबडी घेतो. साहेबाच्या कोर्टात जलमभर तोच तं धंदा केला. पन तू गावची लेक. तुह्या गुन्ह्याले कायची कोंबडी!"