तिसावा नकाशा

इतिहासाच्या बाईंनी सातवीला प्रकल्प दिला: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून साठ वर्षांपूर्वीच्या गल्लीचा नकाशा काढा. एकोणतीस नकाशे इतके सारखे निघाले की कॉपीचा संशय आला. शाळेच्या जागी मोकळं मैदान. तिसाव्यात मात्र विहीर होती, नेमकी याच वर्गाखाली. “ही कुठून आणलीस?” बाईंनी तो काढणाऱ्या मुलीला विचारलं. “आजीनं सांगितली. बुजवली तेव्हा आजी तिथंच होती.” “मग बाकीच्यांच्या आजी-आजोबांना कशी आठवत नाही?” मुलगी चाचरली. “आठवते, बाई. पण सगळ्यांचं ठरलंय, सांगायचं नाही. माझ्या आजीला विसरायचा आजार आहे, ती तेच विसरली.” “पाणी आटलं म्हणून बुजवली असेल,” बाई म्हणाल्या. “नाही, आतली माणसं ओरडत होती म्हणून.” पाठीमागे मुख्याध्यापक केव्हाचे उभे होते. त्यांनी बाईंपुढे खोडरबर सरकवलं आणि मुलीला मायेनं विचारलं, “आजी घरी एकटीच असते का गं?”