एमिलचा टाका

तिसरा गोल झाला आणि एमिलने टाळी वाजवली. आइस हॉकीच्या रिंकमधली अख्खी रांग वळून त्याच्याकडे बघू लागली, कारण गोल आपल्याच गावावर झाला होता. हात गारठलेत, असं पुटपुटत त्याने तळवे एकमेकांवर चोळले. शेजारी बसलेल्या बायकोने, ओल्गाने, थर्मासातली कॉफी त्याच्या हातात कोंबली आणि हळूच बजावलं, की आणखी एकदा गारठलात तर मी एकटी घरी जाईन.

एमिलला जराही लाज वाटली नाही. खाली बर्फावर गोलरक्षक ड्वेन उभा होता आणि त्याच्या पायांवर कारखान्यातले पांढरेशुभ्र पॅड होते. वीस वर्षं त्या पायांवर एमिलच्या हातचे पॅड होते. एमिल मूळचा खोगीरवाला. गावातले घोडे गेले, ट्रॅक्टर आले, तेव्हा त्याचं दुकान तगलं ते या पॅडांवर. ड्वेन अकरा वर्षांचा असताना त्याचा पहिला जोड एमिलनेच शिवला होता. बाहेरून घोड्याचं कातडं, आत हरणाचे केस आणि मागच्या बाजूला नालेचा छोटासा ठसा. सामना सुरू होण्याआधी ड्वेन काठीने डाव्या पॅडवर दोन थापा मारायचा आणि वर तिसऱ्या रांगेकडे बघायचा. ती थाप कोणासाठी असते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ऐन हंगामात, पंधरवड्यापूर्वी, ड्वेन टोपी हातात धरून दुकानात आला. कारखान्याचे पॅड हलके असतात, तिशी उलटल्यावर जड पेलवत नाहीत, असं काहीतरी जमिनीकडे बघत बोलला आणि गेला. तेव्हापासून त्याने थाप मारली नाही की वर पाहिलं नाही. आणि तेव्हापासून एमिलला अन्न गोड लागेना. म्हातारपणी घरात सवत यावी तसं त्याचं झालं होतं. ते पांढरे पॅड नुसते दिसले तरी तो मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचा. खेळातली रबरी चकती नेमकी त्यांच्याच खालून गोलात सरकत जावी, म्हणून तो चर्चमध्येसुद्धा गुडघे टेकायला कमी करत नव्हता.

चर्चच्या पायऱ्यांपासून पोस्टाच्या खिडकीपर्यंत त्याचं एकच पुराण चालू होतं. पॅडाचा जीव टाक्यात असतो. टाका विरळ पडला की आतले केस खाली सरकतात, वर नुसतं कातडं उरतं आणि गुडघा उघडा पडतो. यंत्राला काय कळतं त्यातलं? माझा टाका पन्नास वर्षांत विरळ पडलेला नाही. हल्ली त्याच्या सुया ओल्गाच ओवून ठेवायची, पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

दुसरं सत्र संपलं आणि प्रशिक्षक धापा टाकत वर आला. ड्वेनच्या डाव्या पॅडचा पट्टा उसवला होता, आणि गावात तो शिवणारा माणूस एकच होता. एमिलला आकाश ठेंगणं झालं. आरी, सुई आणि मेण लावलेला दोरा त्याच्या कोटाच्या खिशात कायम असायचा. ओल्गाला वरच सोडून तो जिना उतरला तो नवरदेवाच्या थाटात. काय काय ऐकवायचं ते त्याने पायरीगणिक मनात घोळवलं.

खाली खेळाडूंच्या खोलीत ड्वेन बाकावर बसला होता. डावा पॅड काढलेला, मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा माराचा डाग पसरला होता. एमिल क्षणभर थबकला आणि मग मनापासून खूश झाला.

"वा. हा आहेर कारखान्याचाच ना?"

बाकीचे खेळाडू एकदम आपापल्या नाड्या बांधण्यात गुंतले. ड्वेनने घाईघाईने मोजा वर ओढला.

"हो काका," तो म्हणाला. "यांचाच."

एमिलने खाली बसून मोजा पुन्हा उतरवला आणि डोळे बारीक करून चेहरा अगदी गुडघ्याजवळ नेला. जन्मभर घोड्यांच्या लाथा खाल्लेल्या माणसाला माराचं वय कळतं. ताजा मार निळा असतो, पंधरवडा उलटला की पिवळा पडतो. या गुडघ्यावर डागावर डाग होते, आणि सगळे पिवळे होते. निळा एकही नव्हता.

बाहेर तिसऱ्या सत्राचा भोंगा वाजला. प्रशिक्षक दारातून हाका मारू लागला. एमिलने पांढरा पॅड मांडीवर घेतला, उसवलेला पट्टा जागेवर धरला. मग खिशातली सुई आणि दोरा त्याने ड्वेनच्या हातात ठेवला.

"ओवून दे रे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, मला दिसत नाही."