फोनमधली आजी

"कैवल्य, खाली उतर! उतर म्हणते ना!"

प्रतिमा व्हिडिओ कॉलवर ओरडत होती. तिच्या तीन वर्षांच्या नातवाने खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली होती आणि आता तिच्यावर चढून तो कडीशी खेळत होता. घर नेदरलँड्समधलं, तिसऱ्या मजल्यावरचं. आणि प्रतिमा चंदीगडात, सेक्टर सेहेचाळीसमध्ये, मांडीवर मटारचं ताट घेऊन बसलेली.

हे गेलं दीड वर्ष रोजचंच होतं. म्हणजे फोन रोजचा, खिडकी नव्हे. मुलगा अंकुर, सून चिन्मयी, दोघांच्याही नोकऱ्या. तिकडे ना कामाला बाई, ना हाकेला कुणी मावशी-काकू. चिन्मयी सकाळी लवकर ऑफिसला निघून जायची. मग अंकुर आपला फोन दुधाच्या खोक्याला टेकवून पोरासमोर ठेवायचा. "आजीशी बोल हं." आजी इकडून चिऊचा घास, काऊचा घास करायची आणि पोरगं तिकडे निमूट खायचं. तेवढ्यात अंकुर अंघोळ उरकायचा, कपड्यांचं मशीन लावायचा. प्रतिमाला याचा केवढा तोरा! खालच्या मिसेस ढिल्लनना ती मुद्दाम ऐकवायची, "हमारे पोते को तो मैं ही पाल रही हूँ जी."

तिच्या नवऱ्याला, सदाशिवना, हे बिलकूल पटत नसे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते दोघं इथेच राहिले होते. "बिनपगारी आया करून ठेवलंय तुला पोरानं," असं ते एकदा बोलले मात्र, प्रतिमा अशी भडकली की दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. तेव्हापासून फोन लागला की ते पेपर घेऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसत.

"अंकुर! अरे अंकुर!"

एरवी नळाचा, कपाटांचा, काही ना काही आवाज यायचा. आज घर चिडीचूप.

"अहो! लवकर या! अंकुरला फोन लावा तुमच्या फोनवरून!"

सदाशिव चप्पल न घालताच धावत आले. त्यांनी फोन लावला, आणि त्याची घरघर प्रतिमाच्याच फोनमधून ऐकू आली. कप्पाळ! अंकुरचा फोन तर तिकडे पोरासमोर थरथरत होता. मग चिन्मयीला लावला. तो वाजून वाजून बंद पडला. आता आणखी कुणाला लावायचा? समोरच्या दारात कोण राहतं, त्यांचं नाव काय, हे अंकुरने कधी सांगितलं नव्हतं आणि यांनी कधी विचारलं नव्हतं.

कडी फिरली. पडदा हलला. आता पोराचे फक्त मोजे घातलेले पाय दिसत होते, टाचा वर उचललेल्या.

"ओरडू नकोस," सदाशिव कुजबुजले. "दचकेल तो."

प्रतिमाने स्वतःचं तोंड दाबून धरलं. एवढ्या लांबून काय करायचं माणसाने? मग एकदम "आई गं!" म्हणून ती विव्हळली आणि तिने फोनच्या कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. ताट कलंडलं, मटार खोलीभर झाले.

"आजी पडली रे! कैवल्य, आजीला बाऊ झाला!"

टाचा खाली टेकल्या. एक पाय खुर्चीवरून खाली आला. मग दुसरा.

"आजी? आजी कुठेय?" पोराचं तोंड आता फोनमध्ये मावत नव्हतं. नाकाला दही लागलेलं.

"इथेच आहे सोन्या. बघ, ही इथेच आहे. बस तू. अजिबात हलू नकोस." प्रतिमाने हात बाजूला केला.

थोड्या वेळाने दार वाजलं आणि रिकामी पिशवी झुलवत अंकुर आत आला.

"कुठे उलथला होतास?"

"अगं, काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला. का? काय झालं?"

"काय झालं म्हणून मला विचारतोस? मागे बघ! खिडकी बघ! पोरगं तिथे चढून बसलेलं आणि तू बाटल्या टाकतोयस? अक्कल गहाण टाकलीस का? एवढंसं पोर एकटं सोडून जाताना काहीच कसं वाटलं नाही तुला?"

अंकुरने वळून पाहिलं. धावत जाऊन खिडकी लावली, खुर्ची खेचून बाजूला केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण दुसऱ्याच क्षणी तो उसळला. चंदीगडात वाढलेला पोरगा, चिडला की हिंदीवर जायचा.

"हद है यार, आई! असं काय बोलतेस? एकटा कुठे सोडला त्याला? तू होतीस ना!"

सदाशिवनी बायकोकडे पाहिलं. टोमणा मारायची हीच वेळ होती, पण ते वाकून सांडलेले मटार वेचू लागले. अंकुर थापा मारत नव्हता, हेच तर वाईट होतं. तो अगदी मनापासून बोलत होता. "जा रे तू निर्धास्त, मी आहे," असं प्रतिमाच त्याला रोज सांगायची. सांगताना तिला किती बरं वाटायचं!

"मी नव्हते तिथे!" प्रतिमा किंचाळली. "दीड वर्षात एक दिवसही नव्हते!"